तारकागुच्छांच्या कक्षांवरून बटू दीर्घिकेतलं कृष्णद्रव्य कसं जोखायचं: फॉर्नॅक्सचा हिशेब, पायरीपायरीने

फॉर्नॅक्स ही आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी बटू दीर्घिका सुमारे १४७ किलोपार्सेक, म्हणजे ४ लाख ८० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे. हार्लो शॅप्ली यांनी ती १९३८ मध्ये शोधली. तिच्यातला सर्वांत तेजस्वी तारकागुच्छ, एनजीसी १०४९, जॉन हर्शेल यांनी त्याच्या शंभर वर्षं आधीच, १८३५ मध्ये नोंदवला होता. असे पाच जुने गोलाकार गुच्छ तिथे आहेत. त्यांचं वय १० अब्ज वर्षं किंवा त्याहून जास्त आहे. अडचण अशी की नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर त्यांतले दोन तरी अगदी थोडक्या काळात दीर्घिकेच्या केंद्राशी जाऊन पोचायला हवेत. स्कॉट ट्रेमेन यांनी १९७६ मध्ये ही विसंगती मांडली. गुच्छ केंद्रात बुडाले असते तर तिथे एक ठळक तारकीय गाभा दिसला असता, आणि फॉर्नॅक्सला तसा गाभाच नाही.

या विसंगतीतूनच कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, दीर्घिकेच्या आत कसं पसरलं आहे याचा अंदाज बांधता येतो. तो हिशेब स्वतः कसा करायचा आणि कुठे फसायला होतं, ते इथे दिलं आहे. पदवीच्या पातळीचं भौतिकशास्त्र आणि थोडं पायथॉन येत असलं तर पुरेसं आहे.

गुच्छ आत का सरकतो

तारकागुच्छ कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे दीर्घिकेला वेढणाऱ्या कृष्णद्रव्याच्या गोळ्यातून, जातो तेव्हा त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचे कण त्याच्याकडे वळतात. कण वळेपर्यंत गुच्छ पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या मागे दाट पट्टा तयार होतो. हा पट्टा गुच्छाला मागे खेचतो, कक्षेची ऊर्जा आणि कोनीय संवेग कमी होतात आणि कक्षा आकसते. याला गतिकीय घर्षण म्हणतात. त्याचं सूत्र सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये दिलं. खेच गुच्छाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या आणि परिसराच्या घनतेच्या प्रमाणात असते. वर्ग असल्यामुळे मंदन वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात येतं, म्हणजे जड गुच्छ लवकर बुडतो. सुटा तारा या घर्षणाने जवळजवळ हलत नाही. दोन लाख सौर वस्तुमानांचा गुच्छ मात्र हलतो, म्हणून कृष्णद्रव्य चाचपायला तो सोयीचा.

पायरी १: पाचही गुच्छांचे आकडे एका जागी आणा

प्रत्येक गुच्छासाठी तीन गोष्टी लागतात: वस्तुमान, दीर्घिकेच्या केंद्रापासून आकाशात दिसणारं अंतर आणि दृष्टिरेषेतला वेग. वस्तुमान सहसा तेजस्वितेवरून काढतात. गुच्छाचं वय आणि त्यातल्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण पाहून वस्तुमान-तेज गुणोत्तर ठरतं आणि त्याने गुणायचं. फॉर्नॅक्ससाठी प्रचलित आकडे असे:

फॉर्नॅक्स १: ०.३७ लाख सौर वस्तुमान, अंतर १.६ किलोपार्सेक
फॉर्नॅक्स २: १.८२ लाख, १.०५ किलोपार्सेक
फॉर्नॅक्स ३ (हाच एनजीसी १०४९): ३.६३ लाख, ०.४३ किलोपार्सेक
फॉर्नॅक्स ४: १.३२ लाख, ०.२४ किलोपार्सेक
फॉर्नॅक्स ५: १.७८ लाख, १.४३ किलोपार्सेक

सहावा गुच्छही आहे. त्याच्याबद्दल बरीच वर्षं शंका होती, २०१९ नंतर तो पक्का झाला. तो फिकट आहे आणि त्यातले तारे जड मूलद्रव्यांनी तुलनेने समृद्ध आहेत. पहिल्या हिशेबातून तो वगळलात तरी चालेल.

कोनीय अंतराचं रूपांतर करताना लक्षात ठेवायचा आकडा: या अंतरावर १ आर्कमिनिट म्हणजे सुमारे ४३ पार्सेक. दीर्घिकेचं केंद्र नेमकं कुठे धरता यावर आतल्या दोन गुच्छांची अंतरं बरीच बदलतात, कारण फॉर्नॅक्सचे तारे केंद्राभोवती सममितीने पसरलेले नाहीत. फॉर्नॅक्स ४ च्या बाबतीत दोन आर्कमिनिटांचा फरक म्हणजे ८५ पार्सेक, त्याच्या एकूण अंतराच्या एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून केंद्राचे दोन-तीन वेगवेगळे पर्याय घेऊन सगळा हिशेब पुन्हा करून पाहा.

पायरी २: कागदावर पहिला अंदाज

संगणकाला हात लावण्याआधी हा हिशेब हाताने करा. पुढे प्रोग्रॅममध्ये एककांची चूक झाली तर ती याच आकड्यांमुळे पकडता येईल. घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असं धरलं, तर वर्तुळाकार कक्षेतल्या गुच्छाला केंद्रात पोचायला लागणारा काळ असा येतो: १९ अब्ज वर्षं भागिले लॉग लॅम्डा, गुणिले (अंतर भागिले ५ किलोपार्सेक) याचा वर्ग, गुणिले (वेगांचा पसारा, म्हणजे वेग सरासरीच्या किती आसपास विखुरलेले आहेत ते, भागिले २०० किलोमीटर प्रति सेकंद), गुणिले (१० कोटी सौर वस्तुमान भागिले गुच्छाचं वस्तुमान).

यातला लॉग लॅम्डा म्हणजे कूलोम लॉगॅरिदम. लॅम्डा हे दोन लांब्यांचं गुणोत्तर असतं. वरची लांबी म्हणजे गुच्छाचं केंद्रापासूनचं अंतर. खालची लांबी म्हणजे गुच्छाचा स्वतःचा आकार किंवा गुरुत्व-स्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले वेगाचा वर्ग, यांतलं जे मोठं असेल ते. गुरुत्व-स्थिरांक या एककांत ०.००४३ घ्या, म्हणजे अंतर पार्सेकमध्ये, वेग किलोमीटर प्रति सेकंदात आणि वस्तुमान सौर वस्तुमानात येतं.

फॉर्नॅक्स ३ घेऊ. ताऱ्यांच्या वेगांचा पसारा ढोबळमानाने १० किलोमीटर प्रति सेकंद आहे, त्यामुळे कक्षेचा वेग त्याच्या १.४ पट, म्हणजे १४. खालची लांबी ०.००४३ गुणिले ३.६३ लाख भागिले २००, म्हणजे जवळपास ८ पार्सेक. लॅम्डा ४३० भागिले ८, म्हणजे ५४, आणि त्याचा नैसर्गिक लॉग ४. आता १९ भागिले ४ म्हणजे ४.७५, अंतराच्या गुणोत्तराचा वर्ग ०.००७४, वेगाचं गुणोत्तर ०.०५, वस्तुमानाचं २७५. सगळ्यांचा गुणाकार ०.४८ अब्ज वर्षं, म्हणजे ४८ कोटी वर्षं.

याच रीतीने फॉर्नॅक्स ४ ला ४० कोटी वर्षांच्या आसपास, फॉर्नॅक्स २ ला साडेचार अब्ज आणि फॉर्नॅक्स ५ ला सात-साडेसात अब्ज वर्षं येतात. फॉर्नॅक्स १ हलका आणि दूर आहे, त्याला ५० अब्जांहून जास्त लागतात. त्याच्याकडून या प्रश्नावर काहीच कळत नाही, म्हणून सगळी शक्ती ३ आणि ४ वर लावा.

पायरी ३: या आकड्याचा अर्थ नीट लावा

इथे पुष्कळांची गल्लत होते. ४८ कोटी वर्षं हा आजपासून पुढे उरलेला काळ आहे. गुच्छ आजवर किती काळ टिकला ते त्यातून कळत नाही. वरच्या गृहीतात अंतराचा वर्ग काळाबरोबर सरळ रेषेत घटतो. त्यामुळे फॉर्नॅक्स ३ ला १२ अब्ज वर्षं मागे नेलं तर मूळ अंतर आजच्या अंतराच्या पाचपट, सुमारे २.२ किलोपार्सेक येतं. फॉर्नॅक्स ४ चं १.४ च्या आसपास. दोन्ही अशक्य नाहीत, पण मग दोन्ही गुच्छ आपल्या प्रवासाच्या शेवटच्या ३-४ टक्क्यांत आहेत आणि आपण नेमके त्याच वेळी बघतो आहोत असं मानावं लागतं. एका गुच्छाच्या बाबतीत हा योगायोग सोसता येतो. दोघांच्या बाबतीत, तेही केंद्रात आधी बुडालेल्या गुच्छांचा ठसा नसताना, तो पचत नाही. म्हणजे हा पुरावा संभाव्यतेचा आहे आणि निष्कर्षही त्याच भाषेत मांडायला हवा.

दिसणारं अंतर हे खऱ्या अंतराचं प्रक्षेपण असतं. दिशा यादृच्छिक धरल्या तर दिसणाऱ्या अंतराच्या वर्गाची सरासरी खऱ्या वर्गाच्या दोन तृतीयांश येते. म्हणून वरचे काळ सरासरीने दीडपट वाढवा. एखादा गुच्छ केंद्राच्या दोन किलोपार्सेक पुढे किंवा मागे असून योगायोगाने केंद्राजवळ दिसत असेल, तर त्याचा प्रश्नच उरत नाही. दृष्टिरेषेतली ही खोली थेट मोजता येईल का? आर-आर लायरी या ठरावीक तेजाच्या स्पंदणाऱ्या ताऱ्यांवरून अंतर काढताना २ टक्क्यांची चूक धरली तरी ती ३ किलोपार्सेक होते, गुच्छांच्या केंद्रापासूनच्या अंतरांहून मोठी. त्यामुळे खोली अज्ञातच ठेवून तिच्या सगळ्या शक्यतांवर सरासरी घ्यावी लागते.

पायरी ४: प्रभामंडलाचे दोन आराखडे, पण वस्तुमान एकच

शीत कृष्णद्रव्याच्या, फक्त गुरुत्वाकर्षण धरलेल्या संगणकीय प्रतिरूपांत केंद्राकडे जाताना घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. हा टोकदार आराखडा म्हणजे कस्प. दुसऱ्या आराखड्यात एका त्रिज्येच्या आत घनता सपाट असते, तो कोअर. तुलना करताना दोन्हींत एक गोष्ट पक्की ठेवायची: अर्धप्रकाश त्रिज्येच्या, म्हणजे दीर्घिकेचा निम्मा प्रकाश जिच्या आतून येतो त्या त्रिज्येच्या, आतलं वस्तुमान. ताऱ्यांच्या वेगांवरून ते बरंच खात्रीने कळतं. सूत्र सोपं आहे: ९३० गुणिले वेगपसाऱ्याचा वर्ग गुणिले पार्सेकमधली दिसणारी अर्धप्रकाश त्रिज्या. फॉर्नॅक्ससाठी ११.७ चा वर्ग १३७, त्रिज्या सुमारे ७०० पार्सेक. उत्तर जवळपास ९ कोटी सौर वस्तुमान. दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान यापेक्षा बरंच कमी भरतं, म्हणजे आतल्या भागातही कृष्णद्रव्याचाच वरचष्मा आहे.

ही अट न लावता कोअर मोठा केला तर एकूण वस्तुमानच कमी होतं आणि घर्षण उगाच घटल्यासारखं दिसतं. असल्या निकालात कोअरचा परिणाम किती आणि हलक्या प्रभामंडलाचा किती, हे वेगळं करता येत नाही.

घनतेच्या आतल्या उताराचे ० (सपाट कोअर) ते १ (कस्प) दरम्यान पाच-सहा पर्याय आणि कोअर त्रिज्येचे ०.१ ते १.५ किलोपार्सेक दरम्यान सात-आठ पर्याय घेऊन जाळी करा.

पायरी ५: कक्षा पुढच्या दिशेने चालवा

पायथॉनमधलं गॅलपाय किंवा अगामा यासाठी चांगलं आहे. गॅलपायमध्ये चंद्रशेखर घर्षणाचं बल तयार मिळतं. त्याला गुच्छाचं वस्तुमान, अर्धवस्तुमान त्रिज्या आणि प्रभामंडलाचा आराखडा द्यावा लागतो. वेगपसारा आराखड्यातूनच काढला जातो, तरी तो आलेख काढून डोळ्यांखालून घाला. टोकाच्या उतारांना तो केंद्राशी चुकीचा येऊ शकतो.

आजच्या स्थितीपासून काळ उलटा फिरवण्याचा मोह टाळा. उलट्या दिशेत घर्षण ऊर्जा वाढवत जातं, त्यामुळे आजच्या अंतरातली छोटी अनिश्चितता मागे जाताना फुगते. शिवाय दहा अब्ज वर्षांपूर्वीचं प्रभामंडल आजच्यासारखं नव्हतंच. त्याऐवजी सुरुवातीची अंतरं ०.३ ते ३ किलोपार्सेकमधून निवडा, कक्षांना वेगवेगळी विकेंद्रता द्या आणि १० ते १२ अब्ज वर्षं पुढे चालवा. प्रत्येक आराखड्यासाठी काही हजार कक्षा पुरतात. शेवटच्या स्थितीकडे शंभर यादृच्छिक दिशांनी बघा, दिसणारं अंतर आणि दृष्टिरेषेतला वेग नोंदवा आणि पाचही गुच्छांच्या मोजमापांशी ताडा. गुच्छांचे वेग दीर्घिकेच्या सरासरी वेगापासून साधारण दहा किलोमीटर प्रति सेकंदाच्या आतच आहेत, त्यामुळे फार लांबट कक्षा आपोआप मागे पडतात.

मोजमापाचा अंदाज यावा म्हणून: ३०० पार्सेकच्या आत १ कोटी सौर वस्तुमान धरलं तर तिथल्या वर्तुळाकार कक्षेचा वेग १२ किलोमीटर प्रति सेकंद आणि एका फेरीचा काळ १५ कोटी वर्षांच्या आसपास येतो. दहा अब्ज वर्षांत पासष्ट फेऱ्या. गणनेची काळपायरी फेरीच्या शंभराव्या भागाहून मोठी ठेवली तर कक्षा आकड्यांच्या चुकीमुळेच आकसते किंवा फुगते. म्हणून आधी घर्षण बंद ठेवून एक फेरतपासणी चालवा. ऊर्जा १० अब्ज वर्षांत हजारात एका भागाहून जास्त बदलू नये.

पायरी ६: कोअरमध्ये सूत्र कुठे तुटतं

आता सगळ्यांत रंजक भाग. सपाट घनतेच्या भागात चंद्रशेखर सूत्र वापरलं तर त्रिज्या ठरावीक काळात ठरावीक प्रमाणात घटत राहते. प्रत्यक्ष कणांचं प्रतिरूप चालवलं की वेगळंच दिसतं. गुच्छ कोअरच्या काठाशी आधी सूत्रापेक्षाही वेगाने आत येतो आणि मग केंद्रापासून काही अंतरावर थांबतो. फॉर्नॅक्ससारख्या दीर्घिकेत हे अंतर काही शे पार्सेक भरतं. २००६ मध्ये दोन शोधनिबंधांनी हे दाखवलं, आणि फॉर्नॅक्सचे गुच्छ आज का शिल्लक आहेत याचं एक सरळ उत्तर मिळालं.

कारण असं: घनता सपाट असली की बल अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतं आणि सगळ्या कणांचा फेरीचा काळ एकच होतो. गुच्छ आणि आजूबाजूचे कण एकाच तालात फिरतात. कण गुच्छाच्या सापेक्ष मागे पडतच नाहीत, त्यामुळे मागचा दाट पट्टा टिकत नाही. कोनीय संवेग घेणारे आणि परत देणारे कण जवळपास समसमान होतात. चंद्रशेखर सूत्रात मात्र गुच्छ अनंत, एकसारख्या माध्यमातून सरळ रेषेत जातो असं धरलेलं असतं, आणि एकाच कणाशी पुन्हापुन्हा गाठ पडण्याचा हिशेब त्यात कुठेच नसतो.

त्यामुळे जाळीतल्या निवडक आठ-दहा आराखड्यांसाठी एन-बॉडी गणना, म्हणजे प्रत्यक्ष कणांचं प्रतिरूप, करणं टाळता येत नाही. सूत्राच्या जागी एन-बॉडी आली की कस्प आणि कोअर यांतला फरक सूत्राने दाखवला होता त्याहून मोठा होतो.

एन-बॉडीत बिघाड कुठे होतो: पहिलं, कणांचं वस्तुमान. दोन लाखांचा गुच्छ आणि पाच हजारांचे कण असले तर गुच्छ कणांच्या धक्क्यांनी भरकटतो. कण गुच्छाच्या एका शतांशाहून बरेच हलके हवेत. एक अब्ज सौर वस्तुमानांच्या प्रभामंडलासाठी १ कोटी कण घेतले तर प्रत्येकी १०० सौर वस्तुमान होतं, ते ठीक आहे. दुसरं, बल मवाळ करणारी लांबी, म्हणजे जिच्या आत दोन कणांमधलं गुरुत्व मुद्दाम कमी धरतात ती. ती ५० पार्सेक ठेवली तर कस्प स्वतःच सपाट होतो आणि तुम्ही कृत्रिम कोअरचा परिणाम मोजत बसता. ती गुच्छाच्या आकाराएवढी, ५ ते १० पार्सेक ठेवा. तिसरं, गुच्छ न टाकता तेच प्रभामंडल १० अब्ज वर्षं चालवून घनता जागेवर राहते का ते बघा. ही तपासणी लोक वेळ वाचवण्यासाठी सोडतात, आणि नेमकी तीच सोडता कामा नये.

पायरी ७: कोअर निघाला, म्हणजे काय निघालं

कोअर जुळला म्हणून कृष्णद्रव्याचा कण कळला असं होत नाही. निदान तीन वाटा उरतात.

पहिली वाट साध्या भौतिकीची आहे. तारे जन्मतात, सुपरनोव्हा वायू बाहेर फेकतात, वायू पुन्हा गोळा होतो. केंद्रातलं गुरुत्व असं वारंवार वरखाली झालं की कृष्णद्रव्याचे कण बाहेर सरकतात आणि कस्पचा कोअर होतो. ही वाट पडताळता येते. फॉर्नॅक्समध्ये तारे बनणं अगदी अलीकडच्या एक-दोन अब्ज वर्षांपर्यंत चालू होतं. ड्रेको या बटू दीर्घिकेत ते सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी थांबलं. आणि ड्रेकोची आतली घनता फॉर्नॅक्सपेक्षा स्पष्टपणे जास्त निघते. या जोडीमुळे पहिली वाट मला आज सगळ्यांत भक्कम वाटते.

दुसरी वाट, आपसांत आदळणारं कृष्णद्रव्य. दर ग्रॅमला १ चौरस सेंटिमीटरच्या आसपासचं आंतरक्रिया-क्षेत्र असलं तर बाहेरची उष्णता केंद्राकडे येऊन कोअर बनतो. तारे कमी बनले तरीही तो बनतो, आणि हाच तिचा पहिल्या वाटेपासूनचा फरक आहे.

तिसरी वाट म्हणजे अतिहलक्या कणांचं तरंगरूप कृष्णद्रव्य. कणाचं वस्तुमान एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या १० च्या उणे २२ व्या घाताएवढं असेल, तर १० किलोमीटर प्रति सेकंद वेगाला तरंगलांबी भागिले २π सुमारे १.९ किलोपार्सेक येते. ती गुच्छाच्या कक्षेहून मोठी, म्हणून मागे पट्टा बनत नाही आणि घर्षण मंदावतं. इतर निरीक्षणांनुसार कण याहून निदान दहापट जड हवा. मग ही लांबी दोनशे पार्सेकच्या खाली येते आणि या वाटेचा फॉर्नॅक्समधला फायदा बराचसा संपतो.

कोअर नसतानाही टिकणारी स्पष्टीकरणं यादीत ठेवा. गुच्छ फॉर्नॅक्समध्ये उशिरा आले असतील, एखादी छोटी दीर्घिका तिच्यात विलीन होताना. किंवा पूर्वी जास्त गुच्छ असतील आणि ते विस्कटले असतील. या दुसऱ्या शक्यतेवर मात्र मर्यादा आहे: फॉर्नॅक्समधल्या जड मूलद्रव्यं अत्यल्प असलेल्या ताऱ्यांपैकी जवळपास पंचमांश ते चतुर्थांश वस्तुमान आजही याच गुच्छांत आहे. विस्कटून गेलेल्यांसाठी फार जागा उरत नाही.

एका दीर्घिकेवर थांबू नका

एरिडॅनस २ ही २०१५ मध्ये सापडलेली फिकट दीर्घिका ३७० किलोपार्सेकच्या आसपास आहे आणि तिच्या केंद्राजवळ एकच छोटा, काही हजार सौर वस्तुमानांचा गुच्छ आहे. तो इतका हलका आहे की घर्षणाऐवजी त्याचा आकार बोलतो. त्याची अर्धप्रकाश त्रिज्या साधारण १३ पार्सेक आहे. कस्पमध्ये भरती-बलाने असा सैल गुच्छ ओढून विस्कटला असता. सपाट कोअरमध्ये हे बल फारसं ओढत नाही. २०१६ मध्ये याच गुच्छावरून आणखी एक गोष्ट दाखवली गेली: सगळं कृष्णद्रव्य काही दहा सौर वस्तुमानांच्या कृष्णविवरांचं असतं, तर त्यांच्या धक्क्यांनी गुच्छ आजच्याहून खूप फुगलेला दिसला असता.

पायरी ८: निजगतीची जोड

दृष्टिरेषेतल्या एका वेगावरून कक्षा ठरत नाही, आकाशाच्या पातळीतले दोन वेगही हवेत. ते निजगतीवरून, म्हणजे आकाशातल्या वर्षागणिक सरकण्यावरून, कळतात. फॉर्नॅक्सच्या अंतरावर १० किलोमीटर प्रति सेकंद म्हणजे वर्षाला १४ मायक्रो-आर्कसेकंद. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया या अवकाश दुर्बिणीच्या तिसऱ्या प्रकाशनातली छोट्या कोनांवरची पद्धतशीर चूक याहून मोठी, वीसेक मायक्रो-आर्कसेकंदांची आहे. म्हणून गायावरून संपूर्ण फॉर्नॅक्सची आकाशगंगेभोवतीची गती घ्या, आतल्या गुच्छांच्या कक्षा तिच्यावरून काढू नका.

हबल दुर्बिणीच्या जुन्या आणि नव्या प्रतिमांची जोडी जास्त उपयोगी आहे. वीस वर्षांत हे सरकणं ०.२८ मिलि-आर्कसेकंद होतं, म्हणजे हबलवरच्या एसीएस कॅमेऱ्याच्या ५० मिलि-आर्कसेकंदांच्या पिक्सेलचा सुमारे १८० वा भाग. एका ताऱ्याची जागा पिक्सेलच्या शंभराव्या भागापर्यंत कळते, त्यामुळे एकट्या ताऱ्यावर हे जमत नाही. गुच्छातले दोनशे चांगले तारे घेतले तर सांख्यिकी चूक चौदापट घटते. संदर्भ म्हणून त्याच प्रतिमेतले फॉर्नॅक्सचे तारे घ्या, म्हणजे दीर्घिकेची एकूण गती आपोआप वजा होते. उरते ती कॅमेऱ्याच्या शोधकावरची वर्षागणिक वाढत गेलेली विद्युतभार-वहनातली गळती. ती ताऱ्यांच्या जागा एकाच दिशेने सरकवते आणि सरकणं ताऱ्याच्या तेजावर अवलंबून असतं. म्हणून गुच्छाचे आणि संदर्भाचे तारे एकाच तेजाच्या पट्ट्यातून निवडा. दोन्ही वेळच्या प्रतिमा कॅमेरा वेगवेगळ्या कोनांत फिरवून घेतलेल्या असतील तर उत्तम.